बॉनेट उघडून पाहिलेलं पनवेल

आमच्या कराडकडच्या माणसांनी पनवेल पाहिलेलं असतं, पण पनवेलला कुणी गेलेलं नसतं. मुंबईची एसटी तिथे थांबते, आपण डोळे चोळत खाली उतरतो, चहा घेतो आणि पुन्हा गाडीत बसतो. झालं पनवेल. त्यामुळे मी पनवेलला राहायला चालले आहे असं म्हटल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "आणि तिथून पुढे कुठे?" पुढे कुठेच नाही म्हटल्यावर त्यांना माझी कीवच आली. परत आल्यापासून मात्र रोज संध्याकाळी त्या आमच्या पायरीवर येऊन बसतात आणि पनवेलचं सांगा म्हणतात. सांगून सांगून घसा दुखायला लागला, म्हणून आता लिहून काढते.

पनवेलला माझी मैत्रीण नजमा असते. रत्नागिरीत डी.एड. करताना आम्ही वसतिगृहात एकाच खोलीत होतो. ती आता करंजाडेला राहते, शाळेत शिकवते, मुलगी पुण्यात शिकते. नवरा इक्बाल कुवेतला एका कंपनीच्या गाड्यांची देखभाल बघतो आणि दोन-दोन वर्षांनी घरी येतो. या वेळी तो सोमवारी येणार होता आणि त्याआधी मी यायलाच हवं असा नजमाचा हट्ट होता. कशासाठी, ते फोनवर सांगायला तयार नव्हती.

करंजाडे, शुक्रवार

करंजाडे म्हणजे आखून वसवलेलं गाव. रस्ते सरळ, इमारती एकसारख्या, आणि सगळ्यांच्या पायाशी खांबांवर उभं असलेलं पार्किंग. नजमाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दूर नव्या विमानतळाचा भाग दिसतो. तिच्या सासूबाई, ज्यांना सगळी इमारत अम्मी म्हणते, त्यांना या गोष्टीचा फार राग. "विमान घरासमोर उतरतंय, आनी आमचा पोरगा मुंबईला उतरनार," त्या मला दारातच म्हणाल्या. पाणी नंतर दिलं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण होतं. आम्ही मटणवाले लोक. तरी मी नेटाने दोन भाकऱ्या संपवल्या आणि तिसरी अम्मींनी न विचारता वाढली.

जेवण उरकत आलं तशी नजमा घड्याळाकडे बघायला लागली. कुवेतला शुक्रवारी सुट्टी. इक्बाल जुम्म्याची नमाज पढून आला की व्हिडिओ कॉल करतो. मला वाटलं, नवरा-बायको बोलतील, मी जरा पडते. तर नजमा म्हणाली, "चल खाली. तुझं काम आहे."

खाली पार्किंगमध्ये तिची पांढरी गाडी उभी होती. मागच्या काचेवर 'माशाअल्लाह' असं चिकटवलेलं. नजमाने बॉनेट उघडलं, खांद्यावर जुन्या ओढणीचं फडकं टाकलं आणि फोन इंजिनावर धरला. पडद्यावर इक्बाल, डोक्यावर अजून टोपी.

"तेल दाखव," तो म्हणाला. सलाम-दुआ झाली होती की नाही, मला आठवत नाही.

नजमाने तेल मोजायची कांडी ओढून काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली आणि आडवी धरून फोनसमोर नेली. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते खरं नसतं, पुसून पुन्हा बुडवायची, हे मला त्या दिवशी कळलं. तेल दोन खुणांच्या मधोमध होतं. मग कूलंटची टाकी. मग ब्रेक ऑइलची डबी, तिचं झाकण उगाच उघडायचं नाही, बाहेरूनच पातळी बघायची. मग काच धुवायचं पाणी, मग बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड साचली आहे का. मग चारही टायर, आणि डिकीतली स्टेपनीसुद्धा. टायरच्या खाचांत किती झीज झाली ते नजमा बोट घालून दाखवत होती आणि फोनमधून आवाज येत होता, "आतल्या बाजूने दाखव. माणूस बाहेरचं बघतो, टायर आतून झिजतो."

माझं काम म्हणजे ब्रेक दाबून धरणं. मागचे दिवे लागतात का ते एकट्या माणसाला बघता येत नाही. इतके दिवस ती मागे भिंतीजवळ गाडी उभी करून भिंतीवरचा लाल उजेड बघायची.

"ब्रेकवर कोण आहे?" इक्बालने विचारलं.

"सुधा आलीय कराडहून."

"अस्सलाम... नमस्ते, सुधाताई. जोरात दाबा. हां. सोडा."

आमच्याकडे दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत होतं. पण बॉनेट उघडून आत काय आहे ते आमच्या घरात मी तरी कुणाला बघताना पाहिलेलं नाही. हार बॉनेटवर घालतो, ते उघडत असतं हेच आम्ही विसरलो आहोत. इथे दर शुक्रवारी, समुद्रापलीकडून, न चुकता ही तपासणी. मला हसूही आलं आणि थोडा हेवाही वाटला.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरली. नजमाने समोरचे आकडे दाखवले, तेव्हा गाडी किती चालली तो आकडा तिच्या अंगठ्याखाली झाकलेला होता.

फोन बंद झाल्यावर तिने सगळं सांगितलं. इक्बालच्या समजुतीप्रमाणे गाडी कधीमधी सलीम चालवतो आणि ती फक्त चालू करून ठेवते, म्हणजे बॅटरी उतरत नाही. प्रत्यक्षात तिने गेल्या वर्षी लायसन काढलं होतं आणि शाळेत, बाजारात, सगळीकडे स्वतः चालवत जात होती.

"दर वेळी विमानतळावर सलीम जातो," ती म्हणाली. सलीम म्हणजे तिचा दीर, पनवेल बाजारात त्याचं कपड्यांचं दुकान आहे. "आणि मी घरी वडे तळत असते. दोन वर्षांनी माणूस येतो, आणि त्याला सगळ्यांत आधी सलीम बघतो. मी दार उघडते तेव्हा हात पिठाचे आणि घरात चाळीस पाहुणे. सुधे, या वेळी मला आधी बघायचंय."

सलीमने होकार दिला होता, पण एका अटीवर. गाडीत जरा जरी काही निघालं, तर तो जाणार आणि नजमा घरी थांबणार. म्हणून मी हवी होते. रस्त्यात कुणीतरी शेजारी असावं, आणि कुणीतरी बाजूचं असावं.

द्रोणागिरीवरून उरण, शनिवार

शनिवारी सराव. नजमाची मोठी बहीण उरणला असते, तिला सगळे आपा म्हणतात. तिच्याकडे जाऊन यायचं ठरलं. निघतानाच पेट्रोल पंपावर हवा भरली, टायर थंड असताना भरलेली हवा खरी म्हणून. स्टेपनीतही भरली. हवावाला म्हणाला, "स्टेपनीत भरायला कोणी सांगतच नाही मॅडम," आणि नजमाचा चेहरा असा फुलला की बस.

उरणचा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. दोन्ही बाजूंना कंटेनरचे ट्रेलर. एकेका ट्रेलरची लांबी आमच्या गल्लीएवढी. द्रोणागिरीला गोदामामागून गोदामं, आणि मोकळ्या जागेत रंगीत कंटेनर एकावर एक रचलेले. मधूनच ते सगळं संपतं आणि एकदम खाडी येते, तिवरं, चिखलात पाय रोवून उभे बगळे, आणि खारा वारा. मी वाऱ्याचं कौतुक करत होते आणि नजमा एका ट्रेलरमागे शांतपणे, मागे राहून, चालली होती. ओव्हरटेक करायची घाई नाही. मी मनातल्या मनात मारुतीस्तोत्र म्हणत होते, ते भीमरूपीच्या पुढे काही सरकलं नाही.

पुढच्या ट्रेलरने धुळीचा असा काही लोट उडवला की समोरचं दिसेना. नजमाने काच धुवायचं पाणी सोडलं. पाणी जोरात उडालं, काच ओलांडून छपरावरून मागे गेलं आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर पडलं. तो शेजारी आला. मी काच खाली केली आणि तोंडातून माफी बाहेर पडायच्या आत तो म्हणाला, "मावशी, थोडं अजून मारा, धूळ लय हाय." आम्ही तिघंही हसत सुटलो.

आपांनी घावन, सुक्या बोंबलाची चटणी आणि नारळाच्या दुधात भिजवलेलं सांदण असं काय काय खायला घातलं. माझ्या घशात काटा अडकला. त्यावर आपांनी मला कोरड्या भाताचा मुटका गिळायला लावला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत सगळं घर माझ्याकडे बघत उभं होतं. निघताना त्यांनी कोकमाचं आगळ बाटलीत भरून दिलं. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा दाट लाल रस, सोलकढीला लागतो. कोकणात रिकामी बाटली कुणी टाकत नाही. कोल्ड्रिंकची बाटली धुतली की तिच्यात आगळ जातं, खोबरेल जातं, मध जातो. ही बाटली नजमाने डिकीत ठेवली.

आता डिकीत आधीच काय होतं ते सांगायला हवं. नजमाही कोकणातलीच. कूलंटचा मोठा कॅन घरी ठेवून तिने त्यातलं थोडं रस्त्यात लागलं तर असू दे म्हणून एका धुतलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. तेही लाल.

संध्याकाळी घरी पोचल्यावर सामान वर न्यायचं काम मी अंगावर घेतलं. डिकीतली बाटली उचलली, वर नेली आणि ओट्यावर ठेवली.

पार्किंग, रविवार

रविवारी सकाळी गाडी थंड असताना नजमाने सगळं पुन्हा बघितलं. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे इक्बालने तिला बजावलेलं होतं, म्हणून सकाळची वेळ. कूलंट खालच्या खुणेच्या किंचित खाली गेलं होतं. तिने डिकीतून बाटली काढली, नरसाळं लावलं आणि ओतलं. मी फोनचा उजेड धरून उभी होते.

तेवढ्यात वरून अम्मींची हाक आली. त्या गॅलरीतून वाकून बघत होत्या. "पोरीनू, ह्या बाटलीत काय हाय? सोलकढीला नारळाचं दूध काढून ठेवलंय, आनी ह्याला कोकमाचा वासच नाय."

नजमाने हातातली बाटली नाकाशी नेली. मग तिने नरसाळ्याचा वास घेतला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अम्मी," ती ओरडली, "हात लावू नका त्याला. तोंडात घेतलं का?"

"मी काय येडी हाय? वास घेतल्याबिगर मी काय पन तोंडात घेत नाय."

नजमा पार्किंगच्या फरशीवरच बसली आणि रडायला लागली. गाडीत आगळ गेलं याचं तिला काही नव्हतं. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे पिणाऱ्याला कळतही नाही. अम्मींचं नाक तेज नसतं तर आम्ही सगळे दुपारी ते वाटीवाटीने प्यायलो असतो. आणि वर बाटली नेणारी मी. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. बाटलीत मी भरलं होतं, माझी चूक, एवढंच म्हणत राहिली. मी धावत वर गेले, ती बाटली आणली आणि दोघींनी मिळून तिच्यावर कवटी काढलेला कागद चिकटवला. मग नजमाने तोही फाडला आणि म्हणाली, "नको. कॅनमध्येच परत ओतू. खाण्याच्या बाटलीत हे राहणारच नाही."

आता प्रश्न गाडीचा. सलीमला सांगितलं की संपलं. न सांगता तशीच चालवली तर मीठ आणि आंबट रस इंजिनात फिरणार. आणि काय करायचं हे नीट सांगू शकेल असा माणूस एकच होता, त्याच्यापासून तर सगळं लपवायचं होतं. नजमा थोडा वेळ बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने फोन लावला.

इक्बाल बॅगा भरत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "इंजिन चालू केलंस?"

"नाही."

"किल्लीपण नाही फिरवली?"

"नाही."

"अल्हम्दुलिल्लाह. मग फिरवू नको. खांदा कॉलनीतला आपला मेकॅनिक बोलाव. आधी टाकी, मग खालचा पाइप सोडून सगळं बाहेर काढायचं. डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, वास जाईपर्यंत. मग कॅनमधलं ताजं कूलंट. आणि निघालेलं पाणी टबमध्ये धर, जमिनीवर सोडू नको, मांजरं चाटतात."

मग त्याने विचारलं, "आगळ कुठून आलं?"

"आपाकडून."

"उरणला कोण गेलं होतं?"

नजमा म्हणाली, "मी. मी चालवत गेले होते." आणि मग तिने फोन गाडीत नेला, किल्लीला हात न लावता. किलोमीटर दिसायला किल्ली फिरवावी लागली असती, म्हणून तिने आकडा तोंडाने सांगितला. खरा. आणि उद्या घ्यायलाही आपणच येणार आहोत, हेही.

मग इक्बाल म्हणाला, "ट्रेलर आहेत त्या रस्त्याला, नजमा. मी इथे रोज ठोकलेल्या गाड्या बघतो. मला आत काय होतं तुला कळतं का? उद्या सलीम येईल. विषय संपला." फोन बंद झाला.

मला वाटलं, ती सगळं सोडून वर जाईल. पण तिने डोळे पुसले, मेकॅनिकला बोलावलं आणि स्वतः शेजारी उभी राहून एकेक गोष्ट करून घेतली. निघालेलं पाणी टबमध्ये, प्रत्येक धुण्यानंतर वास. शेवटी मेकॅनिकच म्हणाला, "मॅडम, आता माझ्या नाकाला सगळीकडे आगळच येतंय." कूलंट भरलं, गाडी सुरू केली, तापमानाचा काटा बघत आम्ही उभ्या राहिलो. काटा जागच्या जागी शहाण्यासारखा राहिला. उरलेल्या अर्ध्या बाटलीची, म्हणजे खऱ्या आगळाची, अम्मींनी सोलकढी केली. मेकॅनिक तीन वाट्या प्यायला. मी मात्र आधी अम्मींना पिताना बघितलं, मग ओठाला लावली.

रात्रीचं जेवण कुणाला गेलं नाही. तेव्हा अम्मींनी सलीमला फोन लावला आणि आमच्या समोरच सांगितलं, "उद्या तू दुकानात जा."

पलीकडून सलीम काहीतरी म्हणाला असावा.

"भाई काय बोलला ते मला नको सांगू. गाडी साफ झाली, मी सोता बघितलंय. माझ्या पोराला आनायला कोन जानार ते मी ठरवनार. आमी म्हातारी झालो, मेलो नाय." फोन ठेवून त्या नजमाला म्हणाल्या, "झोप जा. वडे मी तळते."

विमानतळ, सोमवार

मुंबईत शिरतानाची गर्दी, चुकलेलं वळण आणि पार्किंगचा घोळ यांबद्दल काही लिहीत नाही, ज्याचं त्याने भोगावं. नजमाने मोरपंखी ड्रेस घातला होता. दारातून माणसं ट्रॉल्या ढकलत बाहेर येत होती आणि ती टाचा उंच करून उभी होती. मी तिच्या मागे, जरा लांब. मी त्या वेळी तिथे नसायला हवं होतं, पण गर्दीत जाणार कुठे.

इक्बाल बाहेर आला तो सलीमला शोधत. त्याची नजर एकदा नजमावरून पुढे गेली आणि परत आली. तो जागच्या जागी थांबला, मागच्या माणसाची ट्रॉली त्याच्या पायाला लागली तरी हलला नाही. नजमाने त्याला बघितलं. सगळ्यांत आधी.

गाडीजवळ आल्यावर मात्र त्याने सामान बाजूला ठेवलं आणि आधी गाडीला एक चक्कर मारली. वाकून टायर दाबले. बॉनेटवर हात ठेवला. मग सरळ उजवीकडचं दार उघडलं. आत नजमा बसलेली होती, सीटबेल्ट लावून.

"बसा तिकडून," ती म्हणाली.

दोरीने बांधलेली खोकी मागे गेली, त्यांच्यामध्ये मी गेले, आणि एक ब्लँकेटची पिशवी माझ्या मांडीवर आली. इक्बाल डावीकडे बसला. कुवेतला स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे त्याचे हात सवयीने समोर गेले आणि मोकळ्या हवेत थांबले. मग त्याने ते मांडीवर ठेवले.

सुरुवातीला त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. "आरसा बघ." बघितला. "इंडिकेटर." दिला होता. "डावीकडून रिक्षा." दिसतेय. चेंबूरपर्यंत हे चाललं. मग सूचना विरळ झाल्या. तो अम्मीच्या गुडघ्याचं विचारायला लागला, मग मुलीच्या परीक्षेचं, मग कोकमाचा वास खरंच गेला का ते. नजमा उत्तरं देत होती, डोळे रस्त्यावर. मग तिच्या एका उत्तरावर पुढचा प्रश्न आला नाही.

वाशीचा पूल लागला तेव्हा मी पुढे वाकून बघितलं. इक्बालची मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं, आणि पाय सैल सुटलेला. नजमाने माझ्याकडे आरशातून बघून बोट ओठांवर ठेवलं.

पुढचा सगळा रस्ता ती जपून, न धक्का देता चालवत आली. कळंबोली मागे पडली. अम्मींचा फोन वाजायला लागला, मी तो घाईघाईने बंद केला. करंजाडेचं वळण आलं, तशी मी खोक्यांमधून पिशवी सावरायला लागले. पण गाडी वळली नाही. नजमा सरळ पुढे निघाली.

"कुठे?" मी कुजबुजले.

"पळस्पे फाट्यापर्यंत जाऊन येऊ," ती तितक्याच हळू म्हणाली. तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती. "झोपू दे त्यांना थोडं."